विमानाच्या दिवशी वेरूळ : परतीच्या प्रवासाआधीचा एक दिवस कसा आखावा

लग्नकार्य, दिवाळी किंवा आईवडिलांची भेट आटोपून बंगळुरू, दिल्ली किंवा परदेशी परतणाऱ्या माणसाच्या हाती शेवटच्या दिवशी बहुधा पाच-सहा मोकळे तास उरतात. विमान संध्याकाळचे असते, सामान आदल्या रात्रीच बांधून झालेले असते आणि इतकी वर्षे "पुढच्या वेळी नक्की" म्हणून टाळलेली लेणी घरापासून तासाभराच्या अंतरावर उभी असतात. छत्रपती संभाजीनगरहून उडणाऱ्यांना हा दिवस वेरूळसाठी देता येतो, आणि तो घाईगर्दीत न जाता नीट पार पाडता येतो. त्यासाठी दिवसाची आखणी सकाळपासून पुढे करण्याऐवजी विमानाच्या वेळेपासून मागे करावी लागते, आणि काय पाहायचे याआधी काय सोडायचे ते ठरवावे लागते.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला एकाच दिवसात वेरूळ आणि देवगिरी दोन्ही दाखवण्याचा आग्रह मी धरला होता. किल्ला उतरताना त्याच्या आईचा गुडघा दुखावला, त्यानंतर क्रांती चौकाच्या अलीकडे वाहनांची रांग लागली, आणि आम्ही चिकलठाण्याच्या विमानतळावर पोहोचलो तेव्हा सामान स्वीकारणे बंद व्हायला जेमतेम काही मिनिटे उरली होती. विमान मिळाले. मात्र पुढे कधी त्या दिवसाचा विषय निघाला की त्याला वेरूळच्या कैलास लेण्यापेक्षा ती धावपळच अधिक आठवते, याचे मला आजही वाईट वाटते. पुढचे सगळे त्या अनुभवातून आणि त्यानंतर पाहुण्यांना घेऊन केलेल्या अनेक फेऱ्यांमधून आलेले आहे.

आधी वार पाहावा

वेरूळची लेणी दर मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची दर सोमवारी. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे प्रवेशद्वारावरून परत फिरणारी कुटुंबे मी कितीतरी वेळा पाहिली आहेत. विमान मंगळवारचे असेल तर वेरूळचा विचार सोडून द्यावा आणि देवगिरीचा किल्ला किंवा शहरालगतची लेणी निवडावीत. त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे.

वाराइतकीच तिथीही पाहावी. श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र या दिवशी घृष्णेश्वराच्या दर्शनासाठी वेरूळला मोठी गर्दी होते. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला शहरातून भाविक रात्रभर पायी चालत जातात, त्यामुळे पहाटेपासूनच तो रस्ता भरलेला असतो. या दिवशी तिथे जाण्याचा आनंद वेगळाच आहे, पण ज्याला संध्याकाळी विमान गाठायचे आहे त्याने हे दिवस टाळावेत. शनिवार-रविवारीही पर्यटकांची वाहने वाढतात. नाइलाज असेल तर तासभर आधी निघावे.

अजिंठ्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. शहरापासून अजिंठा सुमारे 100 किलोमीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन 200 किलोमीटरचा प्रवास झाला. फर्दापूरच्या बाजूला गाडी सोडून पुढे बसने लेण्यांपर्यंत जावे लागते, आणि तिथली चित्रे मंद उजेडात डोळे स्थिरावल्याशिवाय दिसत नाहीत. घड्याळाकडे पाहत पाहण्याची ती जागा नव्हे. अजिंठ्यासाठी स्वतंत्र दिवस ठेवावा, आणि तो सुट्टीच्या सुरुवातीला ठेवावा. पैठणचेही काहीसे तसेच आहे. ते 50 किलोमीटरच्या आसपास असले तरी सातवाहनांच्या प्रतिष्ठाननगरीचे बरेचसे अवशेष अजून मातीच्या टेकाडांखाली आहेत, त्यामुळे जाणकाराच्या सोबतीशिवाय तिथे फारसे काही हाती लागत नाही.

वेळेचा उलटा हिशेब

विमान संध्याकाळी 5.30 चे आहे असे धरू. देशांतर्गत प्रवासातही दोन तास आधी विमानतळावर असावे, म्हणजे 3.30 वाजले. सामान स्वीकारण्याची खिडकी साधारणपणे उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते, आणि त्यानंतर कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग होत नाही. वेरूळ शहरापासून सुमारे 30 किलोमीटर वायव्येला आहे आणि चिकलठाण्याचा विमानतळ शहराच्या पूर्व टोकाला जालना रस्त्यावर आहे. म्हणजे परतताना संपूर्ण शहर ओलांडावे लागते. नगर नाक्यापर्यंतचा रस्ता बऱ्यापैकी सरळ जातो, पण पुढे बाबा पेट्रोल पंप, क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको, मुकुंदवाडी या ओळीत उड्डाणपूल असूनही किती वेळ जाईल याचा नेम नसतो. म्हणून वेरूळ ते विमानतळ या प्रवासाला एरवी सव्वा तास लागत असला तरी हिशेबात दोन तास धरावेत. दीड वाजता गाडी वेरूळहून हललीच पाहिजे. त्याआधी अर्धा तास जेवणाला दिला, तर एक वाजता लेण्यांतून बाहेर पडायचे. सकाळी सात वाजता आत गेल्यास सहा तास मिळतात आणि वेरूळसाठी ते पुरेसे आहेत. शहरातून सकाळी सहाच्या आत निघावे. लेणी सूर्योदयापासून खुली असतात, त्यामुळे लवकर जाण्यात काही अडचण येत नाही.

विमान दुपारी तीनच्या आधीचे असेल तर हा बेत करूच नये. रात्री आठनंतरचे असेल तर वेरूळच्या जोडीला देवगिरीचा पायथा पाहता येतो.

मुंबईहून पुढे परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील तर पहिले विमान उशिरा सुटल्यास पुढची व्यवस्था करण्याची जबाबदारी बहुधा विमान कंपनी घेते. तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर मुंबईत सामान उतरवून घेणे, कदाचित एका टर्मिनलवरून दुसऱ्या टर्मिनलला रस्त्याने जाणे आणि पुन्हा सामान देणे हे सगळे आपल्यालाच करावे लागते आणि चुकल्यास नुकसानही आपलेच होते. अशा प्रवाशाने शेवटच्या दिवशी वेरूळला जाण्यापूर्वी मधला अवकाश किमान पाच-सहा तासांचा आहे याची खात्री करून घ्यावी.

गाडी आणि सामान

मध्यवर्ती बसस्थानकावरून वेरूळकडे एसटी जाते आणि काळी-पिवळीही मिळते. एरवी मी त्यांचीच शिफारस केली असती, पण विमानाच्या दिवशी दिवसभरासाठी एकच गाडी ठरवणे सोयीचे पडते. ठरवतानाच चालकदादांना पूर्ण मार्ग सांगावा : घरून वेरूळ आणि वेरूळहून थेट विमानतळ. थांबण्याचे पैसे, पार्किंग आणि विमानतळावर सोडण्याचे भाडे या तिन्ही गोष्टी आधी बोलून घ्याव्यात, म्हणजे शेवटच्या क्षणी घासाघीस होत नाही. लेण्यांच्या आत फोनची रेंज नेहमी मिळेलच असे नाही, म्हणून गाडी नेमकी कुठे आणि किती वाजता उभी राहील हे तोंडी ठरवून घ्यावे.

मोठ्या बॅगा गाडीच्या डिकीत ठेवाव्यात, मात्र पासपोर्ट, ओळखपत्र, दागिने, औषधे आणि लॅपटॉप यांपैकी काहीही गाडीत सोडू नये. जेवायला किंवा सामान घ्यायला पुन्हा घरी जाण्याचा मोह टाळावा. घरी गेलो की चहा होतो, शेजारच्या काकू भेटायला येतात आणि पाऊण तास कसा गेला ते कळत नाही. निरोपसमारंभ सकाळीच उरकावा, आणि ज्यांना यायचेच आहे त्यांना सरळ वेरूळलाच सोबत घ्यावे.

बॅगेच्या वरच्या कप्प्यात कपड्यांचा एक स्वच्छ जोड आणि लहान टॉवेल ठेवावा. लेण्यांमधली धूळ, वटवाघळांचा वास आणि घाम अंगावर घेऊन विमानात बसणे स्वतःला आणि शेजाऱ्यालाही नकोसे होते. पावसाळ्यात चिखलाचे बूट गुंडाळण्यासाठी एखादी पिशवी असावी. मार्च ते मे या काळात मराठवाड्याचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि ओआरएसची पुडी हवीच. पाणी गाडीतच भरपूर ठेवावे.

वेरूळमध्ये काय आणि कोणत्या क्रमाने

वेरूळला 34 लेणी क्रमांक दिलेली आहेत आणि ती सुमारे दोन किलोमीटरच्या कड्यात दक्षिणोत्तर पसरलेली आहेत. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन अशी त्यांची विभागणी आहे. 1983 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सगळी पाहण्याचा संकल्प केला तर एकही धड पाहून होत नाही. माझ्या मते सहा लेणी निवडावीत आणि त्यातही कैलासाला किमान दोन तास द्यावेत. तिकीट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून आधीच काढून ठेवावे. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही.

कैलास, म्हणजे सोळावे लेणे, प्रवेशद्वाराच्या अगदी समोरच आहे. सकाळी सातला तिथे जेमतेम दहा-पंधरा माणसे असतात, अकरानंतर शाळांच्या सहली येतात. त्यामुळे सुरुवात इथूनच करावी. लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे असल्यामुळे सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो आणि छायाचित्रासाठी दुपारचा प्रकाश अधिक चांगला असतो हे खरे. तरीही मी शांतता आणि गारवा यांच्याच बाजूने कौल देईन. बाजूच्या टेकडीवर जाणारी पायवाट खुली असेल तर आत शिरण्याआधी वरून पाहावे. कारण हे मंदिर वरून खाली उतरत गेले आहे : कड्याच्या माथ्यावर खंदक घेऊन मधला दगड सुटा केला गेला, मग शिखरापासून सुरुवात करून पायापर्यंत कोरीवकाम होत गेले. एखादा छिन्नीचा घाव चुकला तर जोडायला दुसरा दगड नव्हता. हे वरून एकदा डोळ्यांनी पाहिले की खाली अंगणात उभे राहताना काय झाले असेल ते समजू लागते.

राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, हे काम झाले असे मानले जाते. पुढे त्याच घराण्याच्या गुजरात शाखेतील कर्कराजाच्या बडोदा ताम्रपटात या मंदिराचे वर्णन आले आहे आणि ज्या शिल्पकाराने ते घडवले त्यालाही "हे माझ्या हातून कसे झाले" असे आश्चर्य वाटले, अशा अर्थाचा उल्लेख त्यात आहे. अंगणात दोन एकसंध ध्वजस्तंभ आणि हत्ती आहेत. मंदिराच्या जोत्यावर चारी बाजूंनी हत्ती कोरलेले आहेत, त्यामुळे सगळा भार त्यांनीच पाठीवर पेलल्यासारखा वाटतो. दक्षिण बाजूला कैलास पर्वत हलवणाऱ्या रावणाचे शिल्प आहे. तिथे थांबून पार्वतीच्या देहाचा झुकाव आणि शंकराच्या पायाच्या अंगठ्याचा निवांत दाब जरूर पाहावा. सभामंडपाच्या भिंतींवर रामायण आणि महाभारताचे प्रसंग पट्ट्यापट्ट्यांनी कोरलेले आहेत; मुले सोबत असतील तर त्यांना एकेक प्रसंग ओळखायला सांगावे, ती अर्धा तास सहज रमतात. छतांवर आणि काही भिंतींवर जुन्या गिलाव्याचे आणि रंगाचे अंश अजून दिसतात.

तिथून दक्षिणेकडे चालत दहाव्या लेण्यात जावे. त्याला विश्वकर्मा किंवा सुताराची झोपडी म्हणतात, कारण त्याच्या कमानदार छतात लाकडी तुळयांसारख्या फासळ्या दगडातच कोरलेल्या आहेत. स्तूपाला टेकून बसलेल्या बुद्धमूर्तीसमोर काही मिनिटे शांत बसावे. तिथे आवाज घुमतो, म्हणून बोलणे टाळावे. परतताना बाराव्या तीन ताल लेण्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर जावे. बाहेरून साध्या दिसणाऱ्या त्या तीन मजली विहारात वर ओळीने बसलेले बुद्ध अचानक समोर येतात. पंधरावे दशावतार लेणे राष्ट्रकूट दंतिदुर्गाच्या शिलालेखामुळे इतिहासात महत्त्वाचे आहे, पण त्याच्या पायऱ्या उंच आहेत. वडीलधारी मंडळी सोबत असतील तर ते सोडून एकविसाव्या रामेश्वर लेण्याकडे वळावे, जिथे मकरावर उभी असलेली गंगा दर्शनी भागातच भेटते.

जैन लेणी बरीच उत्तरेला आहेत आणि चालत गेल्यास जाण्यायेण्यातच पाऊण तास जातो. आतले वाहन उपलब्ध असेल तर ते घ्यावे. बत्तीसावे इंद्रसभा लेणे चुकवू नये. त्याच्या वरच्या मजल्यावर सिंहावर बसलेली अंबिका आणि तिच्या डोक्यावरचे फळांनी लगडलेले आंब्याचे झाड इतक्या नाजूकपणे कोरलेले आहे की अंगावर काटा येतो. पावसाळ्यात गेलात तर एकोणतिसाव्या धुमार लेण्याजवळचा धबधबा कोसळत असतो, मात्र तिथला दगड निसरडा असतो आणि पाय मुरगळलेल्या माणसाला विमान पकडणे जड जाते.

बारा वाजून गेले आणि जैन लेणी राहिली असतील तर ती राहू द्यावीत. उशीर झाला म्हणून कैलासाचा वेळ कापू नये.

कोरीवकामाला हात लावू नये, फ्लॅश वापरू नये आणि ड्रोन आणूच नये. कड्यांवर आग्यामोहोळे लागलेली असतात, म्हणून उग्र अत्तर लावून जाऊ नये आणि आरडाओरडा करू नये. माकडे हातातली खाण्याची पिशवी हिसकावतात. खाणे गाडीतच ठेवलेले बरे.

घृष्णेश्वराचे मंदिर लेण्यांपासून जवळच आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक, आणि आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांच्या काळातले आहे. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगावरचा सदरा काढावा लागतो, आणि मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. रांग किती असेल हे आधी सांगता येत नाही. दर्शन घ्यायचेच असेल तर ते लेण्यांच्या आधी, पहाटे घ्यावे, नंतर ठेवू नये. तेवढ्या वेळेची तजवीज नसेल तर बाहेरून कळसाला हात जोडून पुढे जावे.

देवगिरी आणि दुसरे पर्याय

यादव राजा भिल्लम पाचवा याने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीला राजधानी केली, 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने ती लुटली आणि 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणून दौलताबाद हे नाव रूढ केले. किल्ला शहरापासून सुमारे 15 किलोमीटरवर, वेरूळच्याच वाटेवर आहे. माथ्यापर्यंत जाऊन यायला सामान्य माणसाला अडीच ते तीन तास लागतात आणि मधल्या अंधारीतून, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेतून, जाताना टॉर्च लागतो. वेरूळ करून शिवाय माथा गाठायचा, हा बेत करू नये. माझ्या बहिणीच्या गुडघ्याने तो धडा शिकवला आहे. रात्रीचे विमान असेल तर पायथ्याचा भाग पाहावा : महाकोटाचे दरवाजे, हत्ती हौद, भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाणारी जुनी मशीद आणि पंधराव्या शतकातला चांदमिनार. हे सगळे बरेचसे सपाटीवर आहे आणि तासाभरात होते. वेरूळहून येताना घाट उतरल्यावर दिल्ली दरवाज्याची अरुंद कमान लागते. तिथे वाहने खोळंबतात, त्यासाठी वीस मिनिटे वेगळी धरावीत.

मंगळवारी, किंवा हाती तीनच तास असतील तेव्हा, विद्यापीठ परिसरापलीकडच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी पाहावीत. बीबी का मकबऱ्यापासून ती जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर आहेत आणि तिथे गर्दी फारशी नसते. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेल्या उपासकांचे माणसाएवढे समूहशिल्प आहे. त्यांचे केशभार, मुकुट आणि चेहऱ्यांवरचा भक्तिभाव जवळून पाहता येतो. सातव्या लेण्यात संकटांतून तारणारा अवलोकितेश्वर आणि गर्भगृहात वादकांच्या मध्ये नाचणारी स्त्री आहे. चढण पायऱ्यांची आहे, पण थोडी. शहरात वाढलेली कित्येक माणसे इथे कधीच आलेली नसतात, आणि मला हे नेहमी खटकते.

नांदेडहून उडणाऱ्यांनी कंधारचा किल्ला निवडावा. राष्ट्रकूटांशी नाते सांगणारा हा भुईकोट नांदेडपासून साधारण तासा-सव्वातासाच्या अंतरावर आहे, आणि त्याच्या खंदकाभोवतीची फेरी अर्ध्या दिवसात आरामात होते.

विमानतळावर

वेरूळ परिसरात विक्रेते स्फटिक आणि रंगीत खडे घेऊन मागे लागतात. घ्यायचे तर एखादा लहान घ्यावा आणि मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवावा. दगड वजनदार असतात, आणि देशांतर्गत प्रवासात बहुतेक वेळा 15 किलोचीच मुभा असते. लेण्यांच्या परिसरातला पडलेला तुकडासुद्धा उचलू नये. जुनी मूर्ती किंवा नाणे म्हणून कुणी काही विकत असेल तर हात जोडून पुढे जावे, कारण शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू देशाबाहेर नेण्यास 1972 च्या कायद्याने मनाई आहे. भेट द्यायचीच असेल तर कागजीपुऱ्याचा हातकागद हलकाही असतो आणि वाटेवरच मिळतो.

पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते, मोठ्या बॅगेत चालत नाही. आईने दिलेल्या लोणच्याचे याच्या बरोबर उलटे आहे : तेल सुटलेले लोणचे आणि पातळ ठेचा सुरक्षातपासणीत काढून ठेवायला लावतात, म्हणून बरणीचे झाकण चिकटपट्टीने बंद करून, दोन पिशव्यांत बांधून ती आदल्या रात्रीच मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवावी.